गानायचा काठ

"गानायचा काठ आंधळासुद्धा ओळखेल," असं अख्खं दांगलाग गाव म्हणायचं, आणि गानाय फुशारून जायची. कमरेला गुंडाळायच्या लाल काइनला ती काळा-पिवळा काठ विणायची, त्यात शिंपल्याचे तुकडे गुंफायची. प्रत्येक गावाचा काठ वेगळा; बाईचा चेहरा दिसण्याआधी तिचं गाव कळायचं. कौतुक अंगाशी येतं ते असं.

त्या दिवशी सकाळी निरोप आला. दांगलागच्या एकानं दारूच्या नशेत बालिनसायच्या माणसावर कोयता चालवला होता. आजोबांच्या काळापासून पाळलेला दोन गावांचा बोदोंग, सलोख्याचा करार, मोडला. आता दांगलागचं जे कुणी सापडेल त्याच्यावर सूड. आणि गानायची लेक लायाव पहाटेच बाजाराला गेलेली, नवी कोरी काइन नेसून. परतीची जीप बालिनसायमधूनच येणार होती.

वेशीलगतच्या, खांबांवर उभ्या घराखाली गानाय मागावर बसली. ताणा खांबाला, दुसरं टोक तिच्याच कमरेला. चार ओळी विणायची, पुन्हा उसवायची.

"वहिनी, चार घास खाऊन घ्या," भाला घेऊन पहाऱ्याला उभा असलेला दीर बानिग म्हणाला.

"तुझ्या घशाखाली उतरतायत का रे? मीच तिच्या अंगावर गाव विणलं!"

उन्हं कलली. खाचरांच्या बांधावरून एक बाई येताना दिसली. काठ हिरवा, बालिनसायचा.

"त्यांचीच आहे!" बानिगनं भाला उचलला. "हिंमत बघा हिची!"

गानायनं मान वर केली. डावा खांदा पुढे टाकत चालणं... ती ताडकन उठली. मागाच्या काठ्या खडखडत पडल्या, ताणा तुटला.

"मेल्या, थांब! लायाव आहे ती!"

लेकीला कवटाळून ती हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "ही कुणाची नेसलीस गं?"

"बाजारात बातमी पोचली होती, आई. बालिनसायच्या एका म्हातारीनं माझा काठ बघितला. म्हणाली, पोरी, हे नेसून आमच्या गावातून गेलीस तर घरी पोचायची नाहीस. आडोशाला नेऊन तिनं स्वतःची मला नेसवली."

"आणि ती काय नेसली?"

लायावची मान खाली गेली. "तुझीच. हसली नुसती. म्हणाली, मला म्हातारीला कोण मारतंय? गावाआधीच जीपमधून उतरली, शेतातून चालत जाते म्हणाली."

गानायनं बालिनसायच्या दिशेला बघितलं. तिथल्या वेशीवरही कुणीतरी भाला घेऊन उभा असेल. त्याला लांबून आधी काठ दिसेल.

"तिची चाल ओळखणारं कुणी आहे का गं तिला?"

लायावला ठाऊक नव्हतं.