सिनेमाने गाळलेली आत्या

प्रिय शैला आणि मुकुंद,

बोटीने जिनोआ आणि तिथून आगगाडीने आल्प्सचे बोगदे पार करत मी कार्ल्सरूहेला उतरले, तेव्हा तुमचा वसंतमामा फलाटावर हात हलवत उभा होता. माझ्या ट्रंकेत मेतकूट, लोणचे, पितळी खलबत्ता आणि एक जाड इंग्रजी कादंबरी होती. तिची लेखिका जन्माने आयरिश आणि वास्तव्याने इंग्रज. कॉलेजपासून मी तिचे लिखाण वाचत आले आहे.

हे शहर उघडलेल्या पंख्यासारखे आहे, सगळे रस्ते राजवाड्यापासून फुटलेले. राजवाड्याकडे तोंड करून चालू लागले की हरवायची सोय नाही. मामाची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली घरमालकीण फ्राऊ (श्रीमती) केलर. उंच, एकट्या, बोलणेसुद्धा इस्त्री केलेले. युद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या कचेरीत काम केल्यामुळे त्यांना इंग्रजी येत होते.

पहिल्याच रविवारी एकादशी आली. दुपारी मी खिचडीसाठी दाणे कुटायला बसले. दहा-बारा घाव झाले नसतील, तोच दारावर टकटक.

"रविवारी? ही रूहेत्साइट (शांततेची वेळ) आहे, फ्राऊ लेले! माझ्या छताचा चुना पडतोय!"

सोमवारी दाराखालून क्युंडिगुंग (खोली सोडण्याची नोटीस) सरकली. मुदत महिनाअखेर. मामाचा प्रबंध पुरा व्हायला अजून तीन महिने होते आणि इथे खोली मिळणे महाकठीण.

"आई, जर्मनीला कोणी खलबत्ता आणतं का?" मामाने विचारले.

"मग दाणे तुझ्या प्रयोगशाळेत कुटू?" मी म्हटले खरे, पण खलबत्ता ट्रंकेत परत ठेवला.

त्याच आठवड्यात माझ्या ट्रंकेतल्या कादंबरीवरून काढलेला सिनेमा गावात लागला. मामाने दोन तिकिटे आणली आणि ऐन वेळी तो कामात अडकला. मी धीर करून खाली गेले. "एक तिकीट वाया जातंय," एवढेच म्हणाले. वाया जाणे फ्राऊ केलरना सोसवत नाही. त्यांनी टोपी चढवली.

पडद्यावर सगळे इंग्रज घडाघडा जर्मन बोलत होते. मला भाषा कळत नव्हती, पण पुस्तक पाठ होते. सिनेमा अर्ध्यावर आला तरी नायिकेची आत्या येईना! न राहवून मी मोठ्याने विचारले, "अहो, आत्या कुठे आहे?" मागून "प्स्स्ट!" झाले आणि जागा दाखवणाऱ्या बाईंनी टॉर्चचा झोत थेट माझ्यावर टाकला. फ्राऊ केलरनी मान खाली घातली. मला वाटले, आता महिनाअखेर कसली, उद्याच बाहेर.

बाहेर पडल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाल्या, "सिनेमातलं ते नायिकेचं पत्र लपवलं कोणी? शेवटपर्यंत सांगितलंच नाही."

"आत्याने."

"कुठल्या आत्याने?"

"सिनेमावाल्यांनी गाळलेल्या."

त्या थबकल्या. "का लपवलं?"

"ते असं रस्त्यात सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे पोथी वाचतात तसं वाचायला हवं. रोज एक अध्याय."

दुसऱ्या दिवसापासून चार वाजता त्यांच्या स्वयंपाकघरात वाचन सुरू झाले. त्या विणत, मी वाची. नैवेद्याला कॉफी आणि आलुबुखाराचा केक. नवव्या अध्यायात आत्या आली आणि त्यांच्या सुया थांबल्या. "अगदी माझी थोरली बहीण!" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

महिनाअखेर आली. अध्याय विसावा, पुढे अजून निम्मे पुस्तक.

"आमच्यात पोथी अर्धी टाकून उठत नाहीत," मी म्हटले. "पण परवा तर खोली सोडायची."

त्यांनी एक ओळ विणून पुरी केली. "आल्झो (तर मग), पोथी संपेपर्यंत राहू दे तुमच्या मुलाला. मात्र रविवारी कुटायचं नाही."

माझ्या बोटीची तारीख आली तेव्हा मी पुस्तक मामाच्या हाती दिले. "हळू वाच," म्हटले. खलबत्ता फ्राऊ केलरनी अक्रोडांसाठी ठेवून घेतला.

काल पुण्यात त्यांचे पत्र आले. त्यांनी ग्रंथालयातून जर्मन अनुवाद आणून शेवट केव्हाच वाचला आहे. मामा मात्र रोज इमानाने एक अध्याय वाचतो, आणि तो अडखळला की त्या मुद्दाम मागचा अख्खा अध्याय पुन्हा वाचायला लावतात. प्रबंध पुरा व्हायला अजून महिना आहे ना!

सिनेमावाल्यांवरचा माझा राग आता गेला आहे. त्यांनी आत्या गाळली नसती, तर तुमचा मामा रस्त्यावर आला असता.

फ्राऊ केलरना शेवट ठाऊक आहे, हे मात्र मामाला कळवू नका.

तुमची आजी