चिमटाबाईंचे तीन खोटे नग

माझ्या मावशीला कारखान्यात कोणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती चिमटाबाई. हेल्मेटच्या पट्ट्याला हनुवटीखाली जे बकल असतं, ते तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात भिंग, समोर ट्रे. बावीस वर्षं हेच. चांगला नग उजवीकडे. कडेला खरखर असेल तर लाल ठिपका, म्हणजे घासून परत आणा. तडा असेल तर काळी फुली, म्हणजे भंगार. ठिपका आणि फुली यांत गल्लत करणाऱ्याला ती माणसांत धरत नाही.

तिच्या भिंगाच्या मुठीवरही एक पुसट लाल ठिपका आहे. तो कशाचा, हे मी लहानपणापासून विचारत आलो. "भिंगातून बघायचं असतं, भिंगाकडे नाही," एवढंच उत्तर मिळायचं.

कारखान्यात आणखी एक रीत आहे. अधूनमधून साहेब मुद्दाम बिघडवलेलं बकल ट्रेमध्ये दडवून पाठवतात. त्याला खोटा नग म्हणतात. तपासणारी खरंच बघते आहे की नुसते हात चालवते आहे, हे त्यावरून कळतं. एक सुटला तर योगायोग, दोन सुटले तर दमणूक, लागोपाठ तीन सुटले तर मात्र तपासणारीची चूक. मावशीच्या हातून गेल्या एकवीस वर्षांत एकही सुटलेला नाही. दडवून दडवून साहेब कंटाळले, ही काही कंटाळली नाही.

अशा बाईच्या हातात मी खेळ दिला. सहा वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पडल्या पडल्या ती छताला पडलेल्या भेगा मोजायला लागली होती, म्हणून फोनवर एक खेळ घालून दिला. नदीतून मालाची बोट न्यायची, चौघांनी मिळून, चौघे चार गावचे. गुडघा दोन महिन्यांत सुटला, खेळ सुटला नाही. रोज संध्याकाळी सहा ते साडेसात मावशी बोटीची कप्तान. दोऱ्यांवर आणि टेहळणीला एक नणंद-भावजय. दोघी एकाच घरातून खेळायच्या, पण जे काही बोलायचं ते बोटीवरच बोलायच्या. आणि इंजिनावर भोपळा.

भोपळा हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. चार वर्षांत त्याने एक शब्द उच्चारला नव्हता की लिहिला नव्हता. मावशीने "हळू" म्हटलं की इंजिन हळू, "मागे" म्हटलं की मागे. "घरच्या माणसांनी माझं इतकं ऐकलं असतं ना," असं ती माझ्या काकांसमोरच म्हणायची. काका, म्हणजे तिचा नवरा, वर्तमानपत्र जरा वर धरायचे.

आता अशा खेळात सगळे काही सज्जन नसतात. लोक शिव्या घालतात, चिडून बोट खडकावर नेऊन आदळतात. खेळाची कंपनी कुठे कुठे पुरणार? म्हणून तिने खेळणाऱ्यांनाच पंच केलं. तक्रार आली की नाव झाकून ती नऊ पंचांपुढे जाते. सोबत बोटीवरचं सगळं संभाषण आणि फेरीचं चित्रण. खाली दोन बटणं, दोषी आणि निर्दोष. तीनदा दोषी ठरला की तो खेळातून कायमचा बाद. कल्पना चांगलीच होती. मीही पंच होतो, आणि साधासुधा नव्हे, सोनेरी निशाण मिळालेला पंच.

त्या महिन्यात कारखान्यात जादा काम निघालं आणि मावशी तीन आठवडे खेळू शकली नाही. भोपळा तेवढ्यापुरता दुसऱ्या एका टोळक्याच्या बोटीवर चढला. त्यांनी भांडता भांडता तीनदा बोट बुडवली आणि तिन्ही वेळा खापर न बोलणाऱ्याच्या डोक्यावर फोडलं. तक्रारी तीन, निकाल तीन, दोषी. त्याने दाद मागितली, तीही फेटाळली गेली. मावशी परत आली तेव्हा इंजिन रिकामं होतं आणि तिच्या नावाने भोपळ्याची एक ओळ येऊन पडली होती, सोबत तिन्ही फेऱ्यांचं चित्रण.

"कप्तान, मी बोट बुडवली नाही."

ती फोन घेऊन तडक माझ्या दुकानात आली. माझं औषधांचं दुकान आहे. मी म्हटलं, "मावशी, खेळ आहे तो. दुसरं नाव घेऊन येईल परत."

"चार वर्षांत तो एकदाच बोललाय," ती म्हणाली. "आणि ते कोणी ऐकलं नाही. मी चित्रण पाहिलं ना. बोट खडकावर जाताना तो एकटा इंजिन उलटं फिरवत होता. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं. पंचांना कसं नाही दिसलं?"

मी सोनेरी निशाणवाला. मला चेव आला. म्हटलं, बघ, काम कसं चालतं ते दाखवतो. पंचाचं मत बाकीच्यांशी जुळलं तर त्याला तारा मिळतो, नाही जुळलं तर एक जातो. शंभरातले नव्वद दोषीच ठरतात. तेव्हा दोषी दाबावं, पुढे जावं. तिच्यादेखत मी एक प्रकरण उघडलं आणि निकालात काढलं. चार सेकंद.

"वाचलंस?"

"त्यात वाचायचं काय?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी चिठ्ठी दोनदा वाचली, गोळीचं नाव, ताकद, तारीख बघितली आणि मग औषध दिलं. मावशी काउंटरपलीकडून माझ्याकडे बघत होती. ट्रेमधल्या बकलाकडे बघतात तसं. मग फोन पर्समध्ये टाकून निघून गेली, आणि मी आपला खूश, की बाईला पटलं.

पुढचं मला फार उशिरा कळलं. घरी जाऊन तिने नणंद-भावजयीला बोटीवर बोलावलं आणि हुकूम सोडला, "माझ्यावर तक्रार करा."

दोघी घाबरल्या. "अहो कप्तान, काय म्हणून करायची?"

"काहीही म्हणा. शिवीगाळ म्हणा."

त्या फेरीत मावशी जितकी गोड बोलली तितकी माझ्या काकांशी लग्नानंतर कधी बोलली नसेल. "डावीकडे घ्या हं. वा, छान. आभारी आहे." आणि सगळ्याच्या मधोमध तिने एक ओळ टाकली, "पंच महाशय, हे वाचत असाल तर निर्दोष दाबा. आपण खरंच वाचता का, याची ही चाचणी आहे."

निकाल दहा मिनिटांत आला, कोणत्या पंचाने किती सेकंदांत काय दाबलं त्यासकट, फक्त नावं झाकलेली. दोषी.

"झालं की सिद्ध," भावजय म्हणाली. "आता लिहा कंपनीला."

"एकाला योगायोग म्हणतात," मावशी म्हणाली. "दुसरी करा."

दुसरीही दोषी. आता तिसरी म्हणजे कायमची हकालपट्टी. सहा वर्षांची बोट, कप्तानपण, संध्याकाळचे ते दीड तास, सगळं पाण्यात. काकांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली ठेवलं. म्हणाले, "कशाला गं? ज्याचं तोंडही पाहिलं नाहीस त्याच्यासाठी?"

"तोंड नाही पाहिलं, काम पाहिलंय," ती म्हणाली आणि तिसरी तक्रार करायला लावली.

दोषी. मावशी बाद.

त्या संध्याकाळी सहा वाजता ती सवयीने खुर्चीत बसली, चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. काका सांगतात, तिचे डोळे भरले होते. पण पाचच मिनिटं. मग तिने कारखान्याचा छापील तपासणी कागद काढला आणि भरला. नग तीन. तपासनीस सत्तावीस. न पाहता शिक्का मारणारे सव्वीस. पाहणारा एक. सर्वांत जलद निकाल, तीन सेकंद. शेरा: बकल ठीक आहे, तपासणारे तपासा.

कंपनीकडून ठोकळेबाज उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभार. मावशीने तोच कागद, तक्रारींच्या क्रमांकांसकट, नणंदेकरवी खेळाच्या सार्वजनिक फलकावर लावला. आणि मग जे पेटलं म्हणता! दुसऱ्या दिवशी दोनशे कप्तानांनी स्वतःवर खोटे नग सोडले. आठवड्यात अकरा हजार. कोणी फेरीभर बाराखडी म्हटली, कोणी पंचांच्या तब्येतीची चौकशी केली. सगळे दोषी! फलकावर निकाल चिकटवून लोक पोट धरून हसत होते आणि त्याच वेळी भयंकर चिडत होते. विसाव्या दिवशी कंपनीने हात टेकले. कायमचे बाद केलेल्यांची सगळी प्रकरणं पुन्हा उघडली. तारे रद्द, निशाणं रद्द. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बटण उमटणार नाही. आणि यापुढे पंचांच्या ढिगात अधूनमधून एक खोटा नग दडवलेला असेल. तो ज्याच्या हातून सुटेल त्याचं पंचपद महिनाभर बंद. कंपनीने या नियमाला नाव दिलं 'चिमटा'. माझ्या मावशीचं खेळातलं नावही तेच आहे, आणि ते लाखो लोकांच्या तोंडी बसलं. मला विचाराल तर अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, पण तो भरायच्या आधी एक भानगड झाली होती.

फलकावरचे तक्रारींचे क्रमांक पाहिले तेव्हा मला माझी यादी आठवली. पंचाला आपल्या जुन्या निकालांची यादी दिसते. दिवसाला चाळीस प्रकरणं उडवणारा मी, माझ्याकडे एखादं आलंच असणार. मनात म्हटलं, देवा, तो सत्तावीसातला एक मीच असू दे. यादी चाळली. दुसरी तक्रार. दोषी. तीन सेकंद. सर्वांत जलद निकाल माझा होता.

पण आधी मावशी आणि भोपळा खेळात परत आले ती संध्याकाळ सांगतो. सहा वाजता मावशीची बोट धक्क्याला लागली तेव्हा मी तिच्या घरी काकांच्या शेजारी उभा होतो. इंजिनाचा दिवा लागला. "भोपळा हजर," असं वर उमटलं. आणि नदीच्या दोन्ही काठांना उभ्या असलेल्या बोटींनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. शेकडो बोटी, दिसेल तिथपर्यंत. भोंग्यांच्या आवाजाने फोन थरथरत होता. काका चक्क टाळ्या वाजवत होते. भोपळ्याने आयुष्यातली दुसरी ओळ लिहिली, "इंजिन तयार, कप्तान."

नणंदेला राहवलं नाही. "अहो, तुम्ही बोलत का नाही?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, जणू एका बोटाने लिहिलेलं. "या वेळी खांद्यावर मुलगी झोपते. बोललो तर उठते. एक हात तिला, दुसरा इंजिनाला. मोठी चार वर्षांची झाली. आता धाकटी आहे."

मावशी इतकी हसली की बोट जवळजवळ काठाला लागली.

सगळं आटोपल्यावर मी तिला यादी दाखवली. तिने भिंग घेतलं, गरज नसताना, आणि ती ओळ निवांत वाचली. मी मान खाली घालून उभा. आता फुली, मी मनाशी म्हटलं.

"पहिल्या वर्षी माझ्या हातून तीन सुटले होते," ती म्हणाली. "लागोपाठ. मला वाटलं, गेली नोकरी. तेव्हाचे साहेब आले. माझं भिंग घेतलं आणि मुठीवर हे केलं." मग तिने पर्समधून लाल पेन काढलं, माझा फोन उलटा केला आणि पाठीवर एक ठिपका ठेवला.

आता मी दिवसाला पाच प्रकरणं बघतो, चिठ्ठीसारखी, दोनदा वाचून. परवा दुपारी एका लांबलचक भांडणाच्या मधोमध ती ओळ दिसली, ही चाचणी आहे. मी दुकानात असा ओरडलो की खोकल्याचं औषध घ्यायला आलेले आजोबा खोकायचे थांबले. लगेच मावशीला फोन लावला.

"मावशी, पकडला! खोटा नग पकडला!"

पलीकडे ट्रे सरकवल्याचा आवाज आला.

"एक ना? योगायोग," ती म्हणाली. "अजून दोन पकड, मग फोन कर."