होळीपर्यंतची मुदत

परत आलेले पुस्तक अक्का आधी नाकाशी नेत, मग डोळ्यांशी. पापण्या मिटून म्हणत, "कोपीमा ऱ्हायनं हाई." उसाच्या फडाशेजारच्या झोपडीतला धूर, गुळचट ओल, लहान बोटांचा घाम, सारे त्या पानांतून दरवळत असे.

खापर गावातल्या आमच्या वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी त्यांची सहायक. दिवाळी सरली की डोंगरातली कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरत, ती होळीलाच परतत. अक्का त्यांच्या मुलांना पुस्तके देत, पण परतीची तारीख घालत नसत. "होळीले लई ये," होळीला घेऊन ये, एवढेच. मी कुरकुरले की हसत. "होळीले मानूस येस ना? मंग पुस्तक काबरं नही येनार?"

ही रीत एकदा जगाला सांगावी, एवढीच त्यांची हौस. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्यांचे टिपण निवडले गेले आणि आम्ही दोघी हैदराबादला गेलो. तशी सभागृहे तुम्हीही पाहिली असतील: गार, पावलांचा आवाज गिळून टाकणारी. भाषांतर ऐकवणारे यंत्र अक्कांनी दिवसभर कानांवर ठेवले होते. त्यात मराठी नव्हती.

"काय ऐकता, अक्का?"

"काही नही वं. कान गरम ऱ्हातस."

नमुन्यादाखल आणलेली धुरकटलेली पुस्तके त्यांनी टेबलावर मांडली, तोच एक स्वयंसेविका लगबगीने आली. "मॅडम, खराब पुस्तकांच्या दुरुस्तीचा विभाग पलीकडे आहे."

"चांगलाच शेतस ह्या, बेटा," म्हणत अक्कांनी ती पदराने पुसली.

त्यांची पाच मिनिटे आली तेव्हा चहाची घोषणा झाली होती. खुर्च्या भराभर रित्या झाल्या. मी हळूच म्हटले, "राहू द्या, अक्का."

"तू शे ना? आइक मंग."

आणि मला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मलाच सांगितली. सावकाश, शुद्ध मराठीत, जणू मी समुद्रापलीकडून आले होते. शेवटी रिकाम्या रांगांवरून नजर फिरवून विचारले, "काही प्रश्न?"

मी उभी राहिले. "पुस्तक आलेच नाही तर?"

त्यांचा चेहरा उजळला. "तर पुढल्या होळीपर्यंत वाट पाहायची."

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना सुरतेला नेले. दिवाळी सरून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या होत्या, त्याच दिवसांत. जाताना त्यांनी कवितांचे एक पुस्तक उचलले. मी थट्टेने विचारले, "तारीख?"

"होळीले लई येसू."

त्याच हिवाळ्यात मुलाचा फोन आला. आई गेली, म्हणाला. मग तो म्हणाला, "ताई, तुमचं एक पुस्तक शे आठे. पाठाडी देऊ?"

समोरच्या कपाटात, फडांवर गेलेल्या पुस्तकांच्या जागा काळोख्या दिसत होत्या.

"राहू द्या," मी म्हटले. "होळी अजून यायची आहे."