मुळ्ये सरांच्या गाडीचा हीटर

"ही आपली गाडी नाही," मुळ्ये काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

त्यांचं काही चुकत नव्हतं. डॅशबोर्ड उतरवून आम्ही जमिनीवर ठेवला होता. पुढच्या सीटा बाहेर, वायरी लोंबकळत होत्या. मुळ्ये सरांनी त्यांना वर्कशॉपमध्ये आणायला नको होतं, पण घरी एकटं सोडता येत नव्हतं. सर त्यांचा हात धरून सांगत राहिले की आपलीच आहे, दुरुस्त होते आहे. शेवटी आमचे मेकॅनिक महेश भिया, त्यांनी रिक्षा बोलावली.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. सांवेर रोडवर माझं रेडिएटर बनवायचं लहान युनिट आहे. मुळ्ये सर छत्रीबाग मोहल्ल्यात राहतात. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, जुनी विलायती. काकूंना विस्मरणाचा आजार. मुलाचं नाव आठवत नाही, पण ही गाडी ओळखतात. संध्याकाळ झाली की त्या घरात अस्वस्थ होतात, दाराच्या कड्या ओढतात. सर त्यांना गाडीतून बड्या गणपतीच्या देवळापर्यंत फिरवून आणायचे, मग त्या शांत जेवायच्या. दुसऱ्या कुठल्याही कारमध्ये बसायच्या नाहीत.

हिवाळ्यात हीटर बंद पडला. थंडी वाजली म्हणून काकूंनी चालत्या गाडीचं दार उघडलं. सर त्याच आठवड्यात माझ्याकडे आले.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागे बसणारा चिमुकला रेडिएटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, मागचा पंखा त्यावरून हवा ढकलतो, आत ऊब येते. या गाडीचा कोर तांब्याचा होता आणि गळत होता. एका जागी झाळून डाग दिला की शेजारी गळायचा. पत्रा कागदासारखा झाला होता. तसा नवा मिळेना. मी म्हटलं, ॲल्युमिनियमचा बनवून देते. हलका असतो, लवकर तापतो.

फक्त एक अडचण होती. गाडीचा मोठा रेडिएटर तांब्या-पितळेचाच राहणार. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले आणि पाणी क्षाराचं असलं, तर बॅटरीत चालतो तसाच प्रकार सुरू होतो. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून पाणी नाही, कॅनमधलं तयार कूलंटच घालायचं. त्यातल्या रसायनाने धातू सुरक्षित राहतो. सरांना हे मी दोनदा सांगितलं. गणिताचे शिक्षक ते, लगेच समजलं.

कोर बसला. पाइप जुळवायला महेश भियांना फार त्रास झाला, पण बसला. गाडी न्यायला सर काकूंना घेऊन आले. सगळं जागच्या जागी बघून काकू आपण होऊन पुढच्या सीटवर बसल्या. गरम हवा पायांवर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

तो हिवाळा नीट गेला. पुढच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. आवाज इतका बारीक होता की आधी ओळखलाच नाही.

बड्या गणपतीजवळच्या गर्दीत कोर फुटला होता. उकळतं पाणी काकूंच्या पायांवर सांडलं. काचेवर वाफ धरली, सरांना समोरचं दिसेना. लोकांनी काकूंना ओढून बाहेर काढलं. पायांना फोड आले. डॉक्टर म्हणाले, बरे होतील. ते झालेही.

मी छत्रीबागेत जाऊन कोर काढला. आत पांढरी भुकटी साठलेली, नळ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं, एक नळी भोकापाशीच फाटलेली. बघितल्याबरोबर कळलं.

"सर, पाणी घालत होता?"

"रेडिएटर जरा झिरपायचा. कमी झालं की घरच्या बोरिंगचं पाणी घालायचो."

"कूलंट सांगितलं होतं ना."

"आठवत होतं. पण ते आणायला जायचं तर हिला कुणाजवळ ठेवू?"

एक फोन केला असता तर कॅन घरी पाठवला असता, हे मी म्हटलं. ते म्हणाले की एवढ्याशा कामासाठी कुणाला काय सांगायचं. मग वेळ जात गेला, गाडी चालत होती, आणि पाण्याने चालतंय असंच त्यांना वाटलं.

मी म्हटलं, नवा कोर बनवते. या वेळी कूलंटही मी स्वतः भरत जाईन.

"नको," सर म्हणाले. "ती आता गाडी दिसली तरी ओरडते."

संध्याकाळ होत आली होती. काकू आतल्या दाराची कडी ओढायला लागल्या. गाडी अंगणात, म्हणून सर त्यांना मागच्या दाराने बाहेर घेऊन गेले. आता रोज गल्लीच्या टोकापर्यंत दोघं पायी जातात आणि वापस येतात. काकू वाटेत दहादा थांबतात, आपण कुठे चाललो ते विचारतात. वापस आल्यावर पुन्हा कडी ओढतात. जेवत नाहीत. मी अवजारं भरत होते तेव्हा सर त्यांना भरवत होते आणि त्या घास बाहेर काढत होत्या.

तांबं आणि ॲल्युमिनियम एका गाडीत वर्षानुवर्षं राहू शकतात. कूलंट तेवढं वेळेवर भरायला लागतं, आणि त्यासाठी घरात एक मोकळा माणूस लागतो. आता असं काम घेण्याआधी तो माणूस आहे का, ते मी विचारते. बहुतेक ठिकाणी नसतो.