शंकरपटातले दोन दिवे

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यापाशी अंग चोरून बसायला पाहुणी आहेस का तू? वर्षातून एकदा तोंड दाखवायचं आणि आल्या आल्या विचारायचं, "मावशी, भिंतीवर ही काळी फळी काऊन टांगली वं?" आता विचारलंस, तर ऐक. माझ्या सासऱ्यांची बैलजोडी शंकरपटात जिंकली आणि मी तिला हरवलं. दोन्ही एकाच दुपारी.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. आमचं गाव नागभीडच्या अलीकडे, विजेचा खांब अजून कुणी पाहिलेला नव्हता. धान निघालं की शेतातल्या बांध्यांचे बांध मोडून शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. दोन वाटा, दोन जोड्या, आणि शेवटाला पंच. एक वाट तळ्याकडची, एक जंगलाकडची. दरवर्षी पंच म्हणत अमुक जोडी पुढं, लोक म्हणत तमुक, आणि बैल घरी गेले तरी माणसं भांडतच असत.

त्या वर्षी मामंजींच्या ढवळ्याचा शेवटचा पट होता. म्हातारा झाला होता बैल. मामंजी त्याच्या कानाशी बोलत, "एक डाव गुलाल लागू दे रे ढवळ्या, मंग तुले नांगर नाई, गाडी नाई." तीन वर्षं तो जोडीनं दुसरा येत होता. आणि पहिलं कोण येई? माझा सख्खा दादा. माहेरची जोडी! तीन वर्षं मी पटाहून आल्यावर स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नसे.

आमच्या ह्यांना टॉर्च, रेडिओ उघडायचा नाद. (बंद करायचा नाद नव्हता, ते काम माझं.) ह्यांनी माझ्या फडताळाची सागवानी फळी काढली, भांडी जमिनीवर आली, आणि फळीवर टॉर्चचे दोन बल्ब बसले. मागं सेल, तारांचं जाळं. शेवटच्या रेषेवर दोन्ही वाटांवर एकेक दोरा आडवा. बैलाच्या छातीनं दोरा तुटला की त्या वाटेचा दिवा लागायचा, आणि दुसऱ्याची तार आपोआप सुटायची. तळ्याकडच्या दिव्याला लाल पतंगी कागद, जंगलाकडच्याला हिरवा. धानाच्या खोलीत अंधारात पाहिलं तर डोळे दिपले.

"आता भांडन कायले होते," हे म्हणाले.

भरदुपारी मैदानात खांबावर फळी उभी राहिली, हे सुरुवातीच्या टोकाला इशारा द्यायला गेले, फळीपाशी मी राहिले. एकेक शर्यत होत गेली आणि पंचांनी डोळे बारीक केले.

"बाई, दिवा लागला का नाई?"

"लागला नं भाऊ."

"कुठी?"

खरंच दिसेना. ऊन थेट फळीवर. शेवटची शर्यत उरली, तळ्याकडच्या वाटेवर मामंजी आणि जंगलाकडच्या वाटेवर दादा. आता ह्यांना बोलवायला पार त्या टोकाला कोण जाईल? म्हटलं आपणच करावं. चहाच्या चुलीवरच्या गंजाचं, पातेल्याचं काजळलेलं बूड दोन्ही हातांनी पुसलं आणि फळी काळीकुट्ट केली. पळसाचे द्रोण उलटे करून दिव्यांवर टोप्या घातल्या.

"आता?"

"मिचमिच करून राह्यला."

मग ते रंगीत कागदच उजेड खातात असं माझ्या ध्यानात आलं. टराटरा काढले. तरी ऊन होतंच. शेवटी खांब धरला आणि गर्रकन फिरवला, फळीची पाठ उन्हाकडे. पंच सतरंजी उचलून त्या बाजूला आले.

"वा बाई, चांदनीवानी दिसते!"

मी पदर सावरून उभी. एवढं शिकलेल्या नवऱ्याला जमलं नाही ते मी चुलीच्या काजळीनं केलं होतं.

जोड्या सुटल्या. तू विचारशील, पुढं कोण होतं? कुणालाच माहीत नाही. सारे पंच दिव्याकडे पाहत होते. सारं गाव दिव्याकडे पाहत होतं. बैल कुणी पाहिलेच नाहीत. धूळ उडाली, दिवा लागला. जंगलाकडचा.

दादाच्या बैलांवर गुलाल पडला. मामंजी छकड्यावरून उतरले, ढवळ्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादा मात्र गुलालात उभा राहून डोकं खाजवत होता. "पन मी तं ढवळ्याची शेपटी पाहून राह्यलो होतो नं," तो दुसऱ्या एका धुरकऱ्याला, जोडी हाकणाऱ्याला, म्हणाला.

तेवढ्यात हे धावत आले. फळीभोवती एकदा हिंडले, दोनदा हिंडले.

"फळी कोनं फिरवली? फळी फिरली तं दिवे नाई फिरले? तळ्याचा दिवा जंगलाकडं गेला! आन कागद कुठी गेले?"

मी आधी खांबाआड सरकले. माहेरासाठी केलं म्हणतील, ही भीती. मग ढवळ्याकडे पाहिलं आणि राहवेना. पुढं होऊन म्हटलं, "मी फिरवली. गुलाल ढवळ्याचा आहे."

सारा पट माझ्याकडे बघून हसायला लागला. मला वाटलं, विश्वास नाही बसला. सासूबाई जवळ आल्या, "अवं, सांगाले कायले पाहिजे होतं? मघापासून दिसून राह्यलं नं," आणि त्यांनी पदरानं माझं नाक पुसलं. घाम पुसता पुसता दोन्ही हातांची काजळी मी कपाळापासून हनुवटीपर्यंत फासली होती.

दादानंच आपल्या बैलांवरचा गुलाल ओंजळीनं काढून ढवळ्याला लावला. "बाई," जाता जाता म्हणाला, "माहेरासाठी येवढं करशील असं वाटलं नोतं." मामंजी हसले ते घरी येईपर्यंत.

म्हणून ती फळी तिथं आहे. भांडी अजून जमिनीवरच आहेत. आता उठतेस का? बरं, पण यंदाच्या पटाला नक्की ये, वाट पाहायला लावू नकोस. अंधार पडला तरी घर सापडेल, फाटकावर मोठा दिवा असतो. मी नाही लावत. घरातले मला अजून त्याच्या जवळ फिरकू देत नाहीत.