मशीनवर धावणारे पाय

रंगमंचावर मी जितक्या वेळा राणी झाले, तितक्या वेळा मला राणी मास्तरांनी केलं. अभिनय नंतरचा. आधी हा शिंपी माझ्या पोशाखाची कंबर दोन बोटं आत घ्यायचा, खांद्यात अस्तर भरायचा आणि तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणायचा, "आता पोक काढून दाखवा बघू!" जमायचंच नाही. टाळ्या मी घेतल्या, पण ताठ उभं मला त्यांनी केलं होतं.

तेच मास्तर आता शहात्तरीत, मुलीच्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत राहतात. खोलीत पलंग, खिडकी आणि त्यांची जुनी पायमशीन. संडास दुकानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मधे एक दार आणि त्याचा चार बोटं उंचीचा उंबरठा.

त्या मंगळवारी दुपारी मी गेले, तेव्हा मास्तर त्याच दारात चौकट धरून उभे होते. गुडघे थरथरत होते, टाचा उचललेल्या, पण पंजे फरशीला डिंकानं चिकटवल्यासारखे. चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती.

"बघा मावशी, सुरू झालं नाटक," कापडावरची कात्री न थांबवता मुलगी म्हणाली. "आत्ता मशीनवर दोन पडदे शिवून उठले. तिथं पाय हरणासारखे! मी हाक मारली की खांब."

"नाटकच करायचं असतं," मास्तर पुटपुटले, "तर तुझ्या मावशीइतका पगार मागितला असता."

मी हसले. ती हसली नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिनं येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि "चला बघू" म्हणून ओढलं. मास्तरांचं वरचं अंग आलं, पाय मागेच राहिले. झाड आडवं पडावं तसे ते पडले. सावरायला हातसुद्धा पुढे आला नाही. लेंगा ओला झाला. गिऱ्हाईक भिंतीकडे बघू लागलं.

त्यांना उठवून, कपडे बदलून झाल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, एक तारखेपासून वृद्धाश्रमात खोली सांगितलीय. मी दुकान बघू की तुम्हाला उचलू? आणि मुद्दाम करता, त्याचं जास्त लागतं मनाला."

मास्तरांनी मशीनकडे पाहिलं. मग विचारलं, "मशीन नेऊ देतील का?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं दोघांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कंपवाताच्या गोळ्या चालू होत्याच, पण हा पाय अडकायचा प्रकार कुणी तिथं सांगितलाच नव्हता. बाईंनी मास्तरांना उभं केलं, मागे गेल्या आणि खांदे धरून मागे खेचलं. तुम्ही-मी असतो तर आपोआप एक पाऊल मागे टाकलं असतं. मास्तर थेट बाईंच्या अंगावर आले.

"ह्यांना पाऊल टाकायचं असतं," बाई म्हणाल्या. "पायांत ताकदही आहे. पण मेंदूत खोलवर एक जागा असते, ती चाल सुरू करून देते आणि तोल सांभाळते. आपल्याला कळतही नाही. ह्यांची ती जागा दमलीय."

मी मनात म्हटलं, म्हणजे नट तयार आहे, संवाद पाठ आहेत. विंगेतून 'आता जा' म्हणून खूण करणाराच झोपलाय! असा नट मी पाहिलाय. सगळं थिएटर त्याला शिव्या घालतं.

मुलीनं मात्र खालच्या आवाजात विचारलं, "मग मशीनवर पाय कसे चालतात?"

"बसल्यावर तोल सांभाळावा लागत नाही. आणि पायडल खालीवर होतं, तेच पुढची खूण देतं. फरशी काही खूण देत नाही. तुम्ही द्या. डोळ्यांना ओलांडायला काहीतरी द्या. आणि ओढू नका."

दुकानात आल्यावर तिनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला, गुडघ्यांवर बसली आणि पलंगापासून संडासापर्यंत आडव्या रेघा मारत गेली. दर दीड फुटाला एक.

"चौथी तिरकी आलीय," मास्तर पलंगावरून म्हणाले. "उसव आणि परत घाल."

तिनं ओल्या फडक्यानं चौथी पुसली, परत मारली. मास्तर उठले. पहिली रेघ, दुसरी. उंबरठ्याशी पाय थबकला, नजर पलीकडच्या रेघेवर गेली, आणि पाऊल पडलं. संडासाचं दार आतून लागल्यावर मुलीनं तोंडाला पदर लावला. आश्रमाला तिनं त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं.

गिऱ्हाइकांच्या पायांनी रेघा पुसतात. रोज सकाळी ती केर काढते, गुडघे टेकते आणि परत आखते. मास्तर आखलेल्या वाटेवरून जातात, आखलेल्या वाटेवरून येतात. त्या वाटेबाहेर वीतभरही नाही.

मागच्या आठवड्यात मला भलताच उत्साह आला. म्हटलं, मास्तर, दुकानाच्या दारापर्यंत तरी चला, ऊन बघा. सहा रेघा मी स्वतः मारल्या. मास्तर आले. पायरीशी थांबले. पुढे रस्ता, सायकली, लोकांचे भराभर चालणारे पाय. ते त्या पायांकडेच बघत होते.

"पुरे," जरा वेळानं म्हणाले. "आत जाऊ."

आणि तिथंच अडले. वळायलाही रेघा लागतात, त्या मी मारल्याच नव्हत्या. पुढे पायरी, मागे वळता येईना. मागून एक गिऱ्हाईक "काका, सरका ना" म्हणालं, बाहेरच्या एका भल्या माणसानं पायरी चढून त्यांचा हात धरला.

"ओढू नका त्यांना!" मुलगी आतून ओरडत आली. तिनं त्या माणसाचा हात सोडवला आणि खडू घेऊन बापाच्या पावलांशी बसली. पंख्याच्या पात्यांसारख्या, वळणानं जाणाऱ्या रेघा ती एकेक मारू लागली.

"घाई नको," मास्तर म्हणाले. "सरळ मार."

ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. तिची तिसरी रेघ चालू होती.