बुडबुडे थांबेपर्यंत

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसते. स्प्रिंगफील्ड लेक्स या आमच्या उपनगरातल्या बहुतेक घरांची हीच तऱ्हा, पण इतरांकडे निदान ट्रेडमिल, सायकली असलं काहीतरी सभ्य सामान असतं. आमच्याकडे झाकणाची एक मोठी पांढरी बादली, ढीगभर रिकाम्या बाटल्या आणि मी.

घरी बिअर करायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. या वयात काही जण मॅरेथॉन पळतात, काही जण गिटार शिकतात. मला पळवत नाही आणि सूर कळत नाही. ऑफिसातला एक जण म्हणाला, "मेट, चहा करता येतो ना? मग बिअरही येईल." माझा चहा कसा होतो हे त्याला माहीत नव्हतं. पहिली खेप भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली. मित्रांनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि माझी पाठ वळताच ग्लास लिंबाच्या कुंडीत रिकामे केले. लिंबाला त्या वर्षी जी फळं धरली, तशी पुन्हा कधी धरली नाहीत.

पुढे पुढे एक प्रकार बऱ्यापैकी जमायला लागला. अमेरिकन पेल एल. हलकी, सोनेरी, पोटाला जड न होणारी, आणि सगळा दिमाख हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या केलेल्या असतात. पाकीट उघडलं की संत्र्याची साल, ओलं लाकूड आणि थोडीशी कैरी, असा सगळा मिळून वास येतो. मला त्या वासाचं वेड लागलं. बायकोला नाही. "लोकांचे नवरे वीकेंडला लॉन कापतात," ती म्हणायची, "माझा नवरा काढा उकळतो."

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी बाबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. तोवर ते पुण्यात फ्लॅटवर एकटेच होते, आणि दोन्ही वेळा दुधात पोळी कुस्करून खात होते. हे शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा बायकोने त्याच रात्री तिकीट काढलं. बाबा आले, पण मन काही लागेना. सकाळी तळ्याला एक फेरी मारायचे, परत येऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसायचे, जसं डॉक्टरकडे नंबर लावून बसतात. पंधरवडा झाला नाही तोच नाश्त्याला विषय निघाला.

"माझं तिकीट जरा अलीकडचं करता येईल का बघ," ते बायकोला म्हणाले. "घर बंद आहे. नळ ठिबकत असेल."

"बाबा, नळ शेजारच्या काकू बघतील. तुम्हाला इथे काय त्रास आहे?"

"त्रास कसला? सगळं छान आहे. पण मला इथे काही काम नाही गं."

बायको उठली आणि सिंककडे तोंड करून, धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागली.

त्या दुपारी मी गॅरेजमध्ये होतो. बाबा दारात येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी मी नवीन खेप लावली होती. बादलीच्या झाकणात एक वाकडी पारदर्शक नळी बसवलेली असते, तिच्यात थोडं पाणी. आत यीस्ट साखर खात असतं तोवर गॅस त्या पाण्यातून बाहेर पडत राहतो. बुडुक, बुडुक.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"बिअर, बाबा."

"म्हणजे दारू?"

"अजून नाही. होतेय."

बाबांनी जन्मात थेंब घेतलेला नव्हता. आता मला काय ऐकावं लागणार म्हणून मी उगाचच बाटल्या सरळ करायला लागलो. ते मात्र वाकून नळीकडे बघत होते.

"म्हणजे चालू काम आहे," ते म्हणाले. "कधी संपतं?"

"बुडबुडे थांबले की."

त्यांनी कोपऱ्यातली फोल्डिंगची खुर्ची उघडली आणि बादलीसमोर बसले.

बाबांचा एक स्वभाव मला तोवर फक्त ऐकून माहीत होता. सुरू झालेलं काही अर्धवट टाकून त्यांना उठता येत नाही. नाटक कितीही पडेल असो, पडदा पडेपर्यंत हलायचे नाहीत. सासूबाई त्यावरून त्यांना फार छळायच्या. रात्री जेवताना तिकिटाचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा बाबाच म्हणाले, "ते बुडबुडे थांबू देत, मग ठरवू."

भांडी आवरताना बायकोने माझं मनगट धरलं. "ती बादली थांबता कामा नये."

"अगं, यीस्ट माझ्या हातात आहे का?"

"तुझा छंद ना? कर काहीतरी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या छंदाला इतका मान पहिल्यांदाच मिळाला.

यीस्टने यथावकाश काम उरकलं. बुडबुड्यांमधलं अंतर वाढत गेलं. बाबा चहाचा कप घेऊन बसलेलेच. शेवटी एका संध्याकाळी नळी गप्प झाली. मी बादलीमागच्या कपाटातून पाना काढायच्या निमित्ताने गेलो आणि जाता जाता बादलीला गुडघा लावला. बिअरमध्ये विरघळलेला गॅस जरा ढवळला गेला. बुडुक.

"अजून आहे," बाबा म्हणाले.

"आहे तर," मी म्हणालो. पाना कशाला हवा होता, हे त्यांनी विचारलं नाही.

मी तीन-चार दिवस तसा गुडघा लावला. तेवढ्यात बायकोने दुसरी बादली विकत आणली. हो, तिनेच. पहिलीतली बिअर बाटल्यांत भरायच्या आतच दुसरी बुडबुडायला लागलेली असायची. मग पुन्हा पहिली. इथल्या उलट्या ऋतूंप्रमाणे जूनमध्ये थंडी पडली तेव्हा बाबांनी आपला पुण्याहून आणलेला मफलर बादलीला गुंडाळला. "गार पडली तर काम अडेल," म्हणाले. लेकीने त्याचा फोटो काढला. "आजोबा, यू आर सो ऑब्सेस्ड!"

"तुझे बाबा करतात, मी लक्ष ठेवतो," आजोबांनी तिला समजावलं. "कुणीतरी जबाबदार माणूस नको का?"

गॅरेजमधून उठून येणारा माणूस भुकेला असतो, असं मला वाटतं. बाबा भाकरी मागायला लागले. लोणचं मागायला लागले. एकदा पिठल्यात मीठ कमी आहे म्हणून तक्रार केली, तेव्हा बायको पदर नसताना पदराने डोळे टिपल्यासारखं करून आत गेली. माझी स्थिती मात्र वेगळी होती. ही बिअर ताजीच प्यावी लागते, ठेवली की हॉप्सचा वास उडून जातो. मी ऑफिसात वाटली, मंडळाच्या पिकनिकला नेली, पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्याला नेऊन दिली. उरलेली कर्तव्य म्हणून मीच प्यायलो. माझ्या पँटी मला होईनाशा झाल्या.

मग एका रविवारी मागच्या अंगणात बाटली उघडली, तेव्हा बाबांनी तीर्थाला करतात तसा उजव्या हाताचा तळवा पुढे केला.

"बाबा?" बायको हातातली सुरी तशीच धरून उभी राहिली.

"इतके दिवस राखण केली. काय झालंय ते कळू दे."

मी तळव्यावर थोडीशी ओतली. त्यांनी आधी वास घेतला, बराच वेळ. मग घोट. त्यांचा सगळा चेहरा एका बाजूला गेला.

"वास उत्तम आहे, जावईबापू. जिभेला मात्र शिक्षा."

"कडूपणा थोडा असतोच, बाबा."

"थोडा? तुम्ही चहात गवती चहा कधी घालता?"

"पाण्याबरोबरच."

"तरीच," ते म्हणाले. "उकळायचा नसतो तो. गॅस बंद करायचा, मग घालायचा आणि झाकण ठेवायचं. तुमच्या त्या गोळ्याही शेवटी घालून बघा. पुढच्या खेपेला." हात पुसत ते पुढे बोलले, "आणि बादलीला गुडघा लावणं बंद करा. बसल्या जागेवरून मला सगळं दिसतं."

मी बाटलीकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. इतक्या वेळा पाना कुणाला लागतो?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

बाबांनी खुर्ची सावलीत ओढली. "एवढा जाडजूड माणूस माझ्यासाठी गुडघा झिजवतोय. म्हटलं, थांबू." आणि मग माझ्याकडे वळून, "चला, पुढची कधी लावताय?"

व्हिसा संपेपर्यंत ते राहिले. पुढची काही वर्षं दर थंडीत येत गेले, आणि माझी बिअर खरोखर सुधारली, कारण गोळ्या कधी पडतात यावर त्यांचं लक्ष असायचं. आता त्यांना विमानप्रवासाची परवानगी नाही. पुण्यातल्या फ्लॅटवर दिवसभराच्या एक मावशी असतात. दूधपोळीवर त्यांनी बंदी घातली आहे, असं बाबा मोठ्या दुःखाने सांगतात.

मफलर इथेच राहिला. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बुडबुडे थांबले का?"

शुक्रवारीच थांबले होते. मी फोन नळीजवळ धरला आणि खाली, कॅमेऱ्यात येणार नाही असा, हळूच गुडघा लावला.

बुडुक.

पलीकडे बाबा हसले, ते खोकला येईपर्यंत. "जावईबापू," दम घेत ते म्हणाले, "वय झालं आता तुमचं. गुडघे सांभाळा."